तक्रार खोटी नव्हती, फक्त ‘अखत्यारीत’ नव्हती

प्रिय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी मुलांकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांबद्दल लेख आला होता, औषधं किती आणायची, व्हिजिटर इन्शुरन्स कुठला घ्यायचा, थंडीचे कपडे, सगळं होतं त्यात, मी तो आमच्या इथल्या ग्रुपवर पण टाकला. पण हॉस्पिटलमधे आईला इंग्लिश येत नसेल तर काय होतं आणि त्याबद्दल तक्रार केली तर ती तक्रार पुढे कुठे जाते, यावर एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलंय, तुम्ही कापलंत तरी चालेल, पण तीन प्रश्नांचा भाग तेवढा कापू नका.

मी न्यू जर्सीत राहते, १९ वर्षं झाली. माझी आई ७४ वर्षांची, कोरेगाव तालुक्यातली. तिला वाचायला लिहायला छान येतं पण मराठीतच, हिंदी टीव्हीपुरतं. दोन वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा एका दुपारी तिला त्रास सुरू झाला, मी न्यूयॉर्कला ऑफिसात, नवरा टूरवर, घरी आई आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. शेजारणीनं दोघींना गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं. (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तिथल्याच लोकांनी नंतर आईची उत्तम काळजीही घेतली.) नर्सनं ‘इंडिया’ ऐकलं आणि व्हिडिओवरची हिंदी इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी, लावली. आई म्हणाली, “मला घाबरल्यासारखं होतंय, छातीत कळ येते आणि हाताला मुंग्या येतात.” आता आपल्याकडे ‘घाबरल्यासारखं होतंय’ म्हणजे काय ते कुठल्याही घरात कळतं, जीव कासावीस होतोय, हृदयाचं काहीतरी आहे, उठा, रिक्षा बोलवा. हिंदीत ते ‘घबरा रही हूँ’ झालं आणि इंग्लिशमधे पोचेपर्यंत पेशंट नर्व्हस आहे असं झालं. कागदावर तेच लिहिलं गेलं, मी नंतर रेकॉर्ड मागवून वाचलं. ‘कळ’ आणि ‘मुंग्या’ तर वाटेतच कुठेतरी गळून पडल्या.

मग स्क्रीन बंद पडली. आणि दुसरी लावायच्या ऐवजी डॉक्टर माझ्या मुलीकडे वळले, तू इंग्लिश छान बोलतेस, तूच विचार आजीला. तिनं विचारलं. रक्त पडतं का, संडास कशी होते, आजोबा कशानं गेले. आजोबा कशानं गेले हे तिला आम्ही तोवर सांगितलेलं नव्हतं. आईनं नातीकडे बघितलं आणि काहीतरी वेगळंच सांगितलं, म्हणजे घरात हृदयविकार आहे ही जी एक गोष्ट डॉक्टरला कळायला हवी होती ती आईनं मुद्दाम लपवली, कारण विचारणारी अकरा वर्षांची होती. मी पोचले तेव्हा मुलगी कोपऱ्यात उभी होती, हातात आजीची पर्स. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर एका दुसऱ्या नर्सनं फोनवर मराठी इंटरप्रिटर मागितली, सात मिनिटांत मिळाली. म्हणजे हॉस्पिटलकडे सोय होती, कोणी वापरलीच नव्हती. आई बरी आहे आता, देवाची कृपा.

घरी आल्यावर मी तक्रार लिहिली. तीन पानं. झोपच लागत नव्हती तेव्हा लिहिली. किती वेळ बसवून ठेवलं, कोण कसं बोललं, पांघरूण मागितलं तर काय झालं, बिल किती आलं, डॉक्टरनं तपासलं नीट की नाही, आणि तिसऱ्या पानावर शेवटून दुसऱ्या पॅरात कुठेतरी की मुलीला भाषांतर करायला लावलं. एका सरकारी ऑफिसला पाठवली. काही आठवड्यांनी एक पानी उत्तर आलं, सभ्य भाषेत, तुमचं म्हणणं वाचलं, पण हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही, प्रकरण बंद.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटलं की ते म्हणतायत तुम्ही खोटं बोलताय. आईला तर मी सांगितलंच नाही. नंतर आमच्या लायब्ररीत दर शनिवारी एक रिटायर्ड वकीलबाई फुकट मदतीला बसतात त्यांना कागद दाखवले, त्यांनी तीन पानं वाचली, पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या पानावरच्या त्या दोन ओळींना गोल केला. म्हणाल्या, तक्रार इथून सुरू होते, बाकीचं त्यांनी वाचलं असेल पण त्याचं त्यांना काही करता येत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की सरकारी ऑफिसात तक्रार पोचली की पहिला प्रश्न ‘हे खरं आहे का’ असा नसतोच. पहिला प्रश्न असतो ‘हे आमचं आहे का’. खरं खोटं त्याच्यानंतर, आणि खूपशा तक्रारी त्या पहिल्याच उंबऱ्यावर थांबतात.

हा उंबरा असा का आहे ते समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो, निदान माझा झाला. अमेरिकेत ‘तुमच्या भाषेत बोला’ असा सरळ कायदा नाही. जे आहे ते १९६४ च्या सिव्हिल राइट्स अॅक्टच्या, म्हणजे नागरी हक्क कायद्याच्या, टायटल सिक्समधे (सहाव्या भागात) आहे, आणि तिथे भाषा हा शब्दच नाही. तिथे म्हटलंय की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कामात वंश, रंग किंवा मूळ देश यावरून कोणाशी भेदभाव करायचा नाही. मग त्यात भाषा कुठून आली? १९७४ साली सुप्रीम कोर्टात लाऊ विरुद्ध निकोल्स ही केस झाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी घरातली जवळजवळ १,८०० मुलं अशी होती की ज्यांना इंग्लिश येत नव्हतं आणि ते शिकवायची वेगळी काही सोयही नव्हती, वर्गात बसायचं आणि काहीच कळायचं नाही. कोर्ट म्हणालं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच मास्तर दिला म्हणजे समान वागवलं असं होत नाही. तेव्हापासून भाषा ही मूळ देशाच्या दाराने आत आली. दवाखान्यांसाठी २०१० च्या अफोर्डेबल केअर अॅक्टचं (आरोग्यसेवेच्या कायद्याचं) कलम १५५७ आहे, त्याचे नियम २०१६ मधे आले, २०२० मधे बदलले, २०२४ मधे परत बदलले, आणि त्यात हे स्वच्छ लिहिलंय की पेशंटला स्वतःचा दुभाष्या आणायला सांगायचं नाही, त्याचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत, आणि लहान मुलाला दुभाष्या करायचं नाही, अपवाद फक्त जिवावर बेतलेलं असेल आणि त्या क्षणी दुसरं कोणी मिळतच नसेल तेव्हा, तेही तात्पुरतं.

तर मग उंबऱ्यावरचे प्रश्न. वकीलबाईंनी मला सांगितले तसे सांगते.

पहिला, पैसा कोणाचा. हा सगळा कायदा सरकारी पैशाच्या मागे मागे चालतो. हॉस्पिटल मेडिकेअर मेडिकेड (म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या उपचाराच्या सरकारी योजना) घेतं, म्हणजे केंद्राचा पैसा घेतं, म्हणजे आत आलं, आणि इथे जवळपास सगळी हॉस्पिटलं घेतात. शाळेनं शिक्षण खात्याचा पैसा घेतला तर तक्रार शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे, सरकारी मदतीवरच्या घरांची असेल तर घरबांधणी खात्याकडे, पोलीस आणि राज्यांची कोर्टं बहुतेक करून न्याय खात्याकडे, दवाखाना आरोग्य खात्याकडे. कोपऱ्यावरच्या दुकानानं तुमच्याशी हिंदीत बोलायला नकार दिला तर वाईट वाटेल पण केंद्राचा पैसा नाही, तक्रार बाहेर. सरकारनं एखाद्याकडून माल विकत घेतला, नुसती खरेदी, तर ती ‘मदत’ धरत नाहीत. सरकारनं नुसता विमा किंवा हमी दिली असेल तर तीही टायटल सिक्सनंच बाहेर ठेवलीय. आणि छोट्या डॉक्टरांचं तर गंमतीदार होतं, गंमतीदार म्हणजे पेशंटला त्रास देणारं, की फक्त मेडिकेअर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या फीचा भाग) घेणारा डॉक्टर वर्षानुवर्षं या कायद्याबाहेर समजला जायचा, २०२४ च्या नियमांनी ते मत बदललं. म्हणजे तीच म्हातारी, तोच डॉक्टर, तोच प्रकार, पण नियम बदलायच्या आधी घडला की नंतर यावर तक्रार आत का बाहेर ते ठरायचं.

एक चांगलं सांगते इथेच. १९८४ ला एका केसमधे कोर्टानं म्हटलं होतं की कॉलेजच्या ज्या विभागाला पैसा मिळतो तेवढ्यालाच कायदा लागू, पण १९८८ मधे काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा व्हेटो (नकार) उलथवून, कायदा केला की असं नाही, पैसा एका खिशात गेला तरी पूर्ण संस्था बांधली जाते. त्यामुळे हॉस्पिटल आज असं म्हणू शकत नाही की मेडिकेअरचा पैसा वरच्या मजल्याला येतो, इमर्जन्सीला नाही.

दुसरा प्रश्न, हे कशामुळे घडलं. माझी पहिली तक्रार इथे पडली. उद्धटपणा, उशीर, बिल, चुकीचं निदान, हे सगळं खरं असलं तरी यातलं काहीच मूळ देशावरून किंवा भाषेवरून झालेला भेदभाव नाही. डॉक्टरनं चूक केली तर ते राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे, बिल चुकलं तर तिसरीकडे. वाचणाऱ्या माणसाला कागदात शोधावं लागतं की भाषेमुळे काय झालं, आणि तीन पानांत ती गोष्ट दोन ओळींत असेल तर तो एवढ्या फायलींत का शोधेल? मी त्याला दोष देत नाही पूर्ण. पण थोडा देते, त्याच्यावर पुढे येते.

तिसरा, कधी. घडलं त्या दिवसापासून १८० दिवस. सबळ कारण असेल तर ऑफिस मुदत वाढवू शकतं पण ते त्यांच्या मर्जीवर. हे आपल्या लोकांनी फार लक्षात ठेवायला पाहिजे कारण व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं आणि मुदतही सहा महिन्यांचीच. आईवडील येतात, काहीतरी होतं, आपण म्हणतो आत्ता नको, ते इथे असेपर्यंत भांडण नको, मग ते परत जातात, मग गणपती दिवाळी, आणि मग एक दिवस मोजतो तर १९० झालेले. माझी दुसरी तक्रार १६३ व्या दिवशी गेली. सतरा दिवस शिल्लक होते फक्त, आणि पहिल्या चुकीच्या कागदात किती दिवस गेले ते मी अजून विसरले नाहीये.

याशिवाय किरकोळ वाटणाऱ्या पण तक्रार अडकवणाऱ्या गोष्टी असतात, कागद लेखी पाहिजे, कोणाविरुद्ध ते नाव पाहिजे, तुमचा पत्ता फोन पाहिजे, दुसऱ्यासाठी लिहीत असाल तर त्याची संमती पाहिजे, तेच प्रकरण कोर्टात चालू असेल तर ते थांबतात. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आणि हो, मला दहा जणांनी विचारलं की आई तर टुरिस्ट, तिला कसला हक्क. कायद्याचा शब्द ‘पर्सन’ आहे, नागरिक नाही. अमेरिकेच्या जमिनीवर असलेली कुठलीही व्यक्ती. कोरेगावची माझी आई त्यात बसते.

काही गोष्टी मात्र खरंच कुठेच बसत नाहीत. भारतीय कॉन्सुलेटच्या खिडकीवर मराठी बोलणारं कोणी नसेल तर त्यात अमेरिकन ऑफिसला काहीही करता येणार नाही. केंद्र सरकारचं स्वतःचं ऑफिस असेल, म्हणजे पैसा दुसऱ्याला दिला नाही, स्वतःच काम करतंय, तर टायटल सिक्स तिथे लागूच होत नाही. हे दुसरं भोक बुजवायला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ११ ऑगस्ट २००० ला एक एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा आदेश, काढली होती, १३१६६ नंबरची, की केंद्राच्या स्वतःच्या ऑफिसांनी पण इंग्लिश कमी येणाऱ्यांची सोय करायची. ती १ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी रद्द केली, त्याच ऑर्डरमधे इंग्लिशला देशाची अधिकृत भाषा केलं. तेव्हापासून आमच्या इथल्या ग्रुपांवर फिरतंय की आता हॉस्पिटलमधे इंटरप्रिटर मागायचा हक्क गेला. नाही गेला. ऑर्डरनं ऑर्डर रद्द होते, काँग्रेसनं केलेला कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं रद्द होत नाही, टायटल सिक्स आणि १५५७ दोन्ही कायदे आहेत. त्या नव्या ऑर्डरमधेही असं लिहिलंय की कुठल्या ऑफिसनं आपली सेवा बदललीच पाहिजे असं बंधन नाही. पण न्याय खात्यानं या विषयावरच्या आपल्या जुन्या मार्गदर्शक सूचना मागे घेतल्या, आणि वातावरण बदललं की उंबऱ्यावर बसलेल्या माणसाचा हातही आखडतो, हे सांगायला मला कोणी तज्ज्ञ नको. म्हणून उलट आता तक्रार आणखी नेमकी लिहायला पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढं उंबऱ्याचं काय घेऊन बसलात, कोर्टात जा की. इथेच खरी मेख आहे. अलाबामा राज्यानं ड्रायव्हिंग लायसन्सची लेखी परीक्षा फक्त इंग्लिशमधे घ्यायची ठरवलं, सँडोव्हल नावाच्या बाईंनी केस केली, खालच्या कोर्टांत जिंकल्या, आणि २००१ मधे सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं म्हटलं की मुद्दाम केलेला भेदभाव असेल तर सामान्य माणूस टायटल सिक्सखाली कोर्टात येऊ शकतो, पण ‘नियम सगळ्यांना एकच आहे पण मार मात्र आम्हाला बसतो’ अशा तक्रारीसाठी नाही येऊ शकत. आता सांगा, हॉस्पिटलमधे कोण मुद्दाम म्हणतं की मराठी बाईला त्रास देऊ या? भाषेची तक्रार जवळजवळ नेहमी त्या दुसऱ्या प्रकारची असते. पुढे २०२२ मधे आणखी एक निकाल, एका बहिऱ्या बाईला फिजिओथेरपीच्या ठिकाणी साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर मिळाला नाही, कोर्ट म्हणालं या कायद्यांखाली मानसिक त्रासाची भरपाई मिळणार नाही. म्हणजे माझ्या मुलीला त्या खोलीत जे वाटलं त्याची कोर्टात किंमत शून्य. मग उरतं काय, ते सरकारी ऑफिस. त्याचं दार म्हणजे बऱ्याच जणांसाठी एकमेव दार, आणि म्हणून त्या दारावर काय विचारतात, कसं विचारतात, कोण विचारतं याला एवढं महत्त्व.

मला अखत्यारीच्या चाळणीबद्दल तक्रार नाही. चाळणी पाहिजेच, नाहीतर खरी भाषेची प्रकरणं बिलांच्या आणि पार्किंगच्या तक्रारींखाली दबून जातील, आणि ज्या ऑफिसला अधिकारच नाही त्यानं प्रकरण ठेवून घेऊन दोन वर्षांनी हात वर करण्यापेक्षा लवकर नाही म्हटलेलं बरं. माझं म्हणणं एवढंच आहे की भाषेची तक्रार करणारा माणूस म्हणजे व्याख्येनंच असा माणूस की ज्याला इंग्लिश नीट येत नाही, आणि आपण त्याची पारख त्यानं इंग्लिशमधे कसं लिहिलं यावरून करतोय. मी १९ वर्षं इथे आहे, इंग्लिशमधे नोकरी करते, तरी मला जमलं नाही. माझ्या आईनं एकटीनं काय लिहिलं असतं? तिनं लिहिलं असतं, ‘नातीला विचारलं, ते बरं नाही केलं.’ एवढंच. आणि त्या एका ओळीत अख्खी केस आहे, पण ती ओळ ओळखायला समोरच्यानं एक फोन केला पाहिजे, दुभाष्या घेऊन, पाच मिनिटं, आणि विचारलं पाहिजे की बाई, का विचारलं नातीला? तुम्हाला काय येत नव्हतं? बंद करायच्या आधी एक फोन. हे मी त्यांना लेखी पण कळवलंय.

नियम तर असा आहे की एखाद्या केंद्रीय ऑफिसला अधिकार नसेल तर शक्य तिथे तक्रार योग्य ऑफिसकडे पाठवायची किंवा निदान तक्रारदाराला सांगायचं. आपल्याकडे माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे त्यात हेच जास्त कडक शब्दांत आहे, कलम ६(३), अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी धाडायचा आणि अर्जदाराला कळवायचं, माझ्या वडिलांनी जमिनीच्या एका कागदासाठी तसा अर्ज केला होता, तो तहसीलमधून भूमी अभिलेखला गेला आणि त्यांच्या हातात दोन्हीकडची पत्रं आली. आणि अर्ज मराठीत होता, कारण त्या कायद्यात स्थानिक राजभाषेत अर्ज करायची मुभा लिहिलेलीच आहे. अंमलबजावणी कशी असते ते सगळ्यांना माहितीये, तरी कागदावर तरी ते ओझं ऑफिसवर आहे, अर्जदारावर नाही. मला ते आवडतं. ‘आमच्या अखत्यारीत नाही’ या वाक्याच्या पुढे ‘अमुकच्या अखत्यारीत आहे, आम्ही तिकडे पाठवलं’ एवढं जोडलं तर मला त्या रात्री असं वाटलं नसतं की मला खोटं ठरवलंय.

एक भाषेच्या यादीचा घोळ पण सांगायला हवा कारण त्यात मराठी माणूस हमखास माघार घेतो. हॉस्पिटलांना राज्यातल्या सगळ्यात जास्त बोलल्या जाणाऱ्या १५ भाषांमधे नोटीस लावावी लागते की दुभाष्या फुकट मिळेल. न्यू जर्सीच्या यादीत गुजराती दिसते, हिंदी दिसते, मराठी नाही. लोक ती भिंतीवरची नोटीस बघतात, आपली भाषा दिसत नाही, आणि समजतात की आपल्याला सोय नाही, चला हिंदीवर भागवू. ती १५ ची यादी फक्त नोटिशीसाठी आहे. तोंडी दुभाष्या मागायचा हक्क भिंतीवरच्या यादीनं संपत नाही, फोनवर शंभराच्या वर भाषा असतात, मराठी असते, आम्हाला सात मिनिटांत मिळाली. आणि तक्रारीत पण हे नीट लिहायचं, की आम्ही मराठी मागितली, हिंदी दिली, आणि हिंदीतून हा हा अर्थ चुकला. नाहीतर चाळणीवरचा माणूस म्हणेल की दुभाष्या तर दिला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत ‘घाबरल्यासारखं’ आणि ‘घबराना’ यात काय अंतर आहे, ते आपणच सांगायला हवं.

माझी दुसरी तक्रार सव्वा पान होती. पहिल्या पॅरात हे होतं, जवळजवळ असंच: माझी आई मराठी बोलते, तिला इंग्लिश येत नाही, हिंदी थोडी कळते. अमुक तारखेला अमुक वाजता या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, जे मेडिकेअर आणि मेडिकेड घेतं, तिला मराठी दुभाष्या दिला नाही. हिंदी दुभाष्याचा व्हिडिओ बंद पडल्यावर डॉक्टरांनी तिच्या अकरा वर्षांच्या नातीला भाषांतर करायला सांगितलं. त्यामुळे छातीत दुखणं आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास रेकॉर्डवर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच हॉस्पिटलात मराठी दुभाष्या सात मिनिटांत मिळाला. बस. पांघरूण नाही, बिल नाही, कोण कसं बोललं ते नाही. ते काढताना मला वाईट वाटलं, खरं सांगते, कारण ते पण घडलं होतं. पण त्या पाच वाक्यांत पैसा, भाषा, तारीख तिन्ही होतं आणि कागद आत गेला. आईची संमती लागत होती, ती तोवर कोरेगावला परतलेली, फॉर्म भावानं प्रिंट करून सही घेतली, आईनं देवनागरीत सही केली आणि फोन करून विचारलं, “इंग्लिशमधे करायला पायजे होती का गं?” म्हटलं नाही, अशीच पाहिजे.

काही महिन्यांनी कळवलं की हॉस्पिटलला लेखी समज आणि मार्गदर्शन दिलंय, त्यांनी स्टाफचं ट्रेनिंग आणि इमर्जन्सीतल्या फोनची व्यवस्था बदलायचं कबूल केलंय, प्रकरण मिटलं. पैसे नाहीत, माफीचं पत्र नाही. मी गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला घेऊन त्याच इमर्जन्सीत गेले होते, तिथे रिसेप्शनवर पहिलाच प्रश्न विचारला गेला, घरात कुठली भाषा बोलता. मैत्रीण ‘हिंदी चालेल’ म्हणणार होती, मी तिला बोलू दिलं नाही.

संपादक महोदय, शक्य असेल तर तुमच्या त्या लेखाच्या खाली एक चौकट टाका, जो कोणी येणार असेल त्याला कापून पाकिटात ठेवता येईल अशी. ‘आय स्पीक मराठी, नॉट हिंदी’ एवढं इंग्लिशमधे, आणि खाली मुलांसाठी १८० दिवस. आई या मे महिन्यात परत येतेय. ती आणि माझी मुलगी दर रविवारी व्हिडिओवर एक यादी करतात, आई दुखण्याचा एक शब्द सांगते, मुलगी त्याचा नेमका अर्थ इंग्लिशमधे लिहून घेते, दुभाष्याला दाखवायला. कळ, चमक, ठणका, मुरडा, उसण, गळून जाणं, डोळ्यापुढे अंधारी. काल ‘घाबरल्यासारखं’ झालं, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी